पारवा दिसेना

शिवगोंडाची जीप ट्रॅक्टरमागे दोर बांधून ओढत आणली, तेव्हा मी चहाची किटली घेऊन गॅरेजच्या दारात उभी होते. जीप आत ढकलायला चार माणसं लागली. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बॉनेट उघडलं, ऑइलची कांडी ओढून काढली, फडक्याला पुसून परत घातली आणि पुन्हा काढली. कांडी कोरडी होती. मग त्यांनी पुढच्या पुलीला पाना लावून अंगाचा भार टाकला. पुली हलली नाही.

"जाम," ते म्हणाले.

"जामच की," शिवगोंडा म्हणाला. "गवशाच्या चढाला. मागं अकरा माणसं आणि दोन शेळ्या. त्यात एक बाई बाळंतपणाला म्हायेरी चालल्याली. खडखड वाजलं आणि जागच्या जागी गप. मी ब्रेकवर उभा आणि खाली गडीमाणसं चाकाला दगडं लावाय लागल्यात. कशी रात काढली ते माझं मला ठावं."

मामांनी कांडी जागेवर बसवली.

"आठ दिवसांमागं मी तुमास्नी काय म्हटलं हुतं? तेल कमी हुतंय म्हटलं हुतं. तुम्ही धूर बघितलासा. म्हटलासा, पारवा न्हाई, तेल जळत न्हाई, खाली गळत असंल. पॅकिंग बदलून दिलासा. मी बिनघोर. कांडी काढून बघितली पण न्हाई."

"म्हटलं हुतं."

"मग?"

"चुकलं माझं," मामा म्हणाले.

शिवगोंडा भांडायच्या तयारीने आला होता. समोरचा भांडेना म्हटल्यावर त्याला काय करावं कळेना. त्याने माझ्या हातातला कप घेतला, दोन घोट घेतले आणि जरा हसत म्हणाला, "मिस्त्री, एक सांगू काय? गेल्या साली तुमचं एक सुदीक चुकलं न्हाई. दसऱ्यापास्नं हे तिसरं. हेडमास्तरांची गाडी, दूधसंघाचा टेम्पो, आता मी. घरात नवीन काय आलंय तेवढं बघा एकदा."

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "पायगुण म्हंत्यात त्येला."

दोघं हसले. शिवगोंडा कपात बघून हसला, माझ्याकडे नाही. मामा हसले नाहीत. मी रिकामे कप गोळा करून घरी आले.

सासऱ्यांना आमच्या भागात मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. मामांना सगळं गडहिंग्लज घुगरे मिस्त्री म्हणून ओळखायचं. मी मिरजेची, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. लग्न जूनमध्ये झालं होतं. सुरेंद्र, माझा नवरा, बेळगावला नोकरीला होता. शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी सकाळी जायचा. मधले पाच दिवस घरात मला पुरेल इतकं काम नसायचं. गॅरेज घराला लागूनच होतं. चहा न्यायच्या निमित्ताने मी तिथे जायचे आणि मामांचं काम बघत उभी राहायचे.

गाडी आली की मामा आधी बॉनेटला हात लावत नसत. ड्रायव्हरला ती उलटी घ्यायला लावत, शेपूट अंगणाच्या टोकाच्या दगडी भिंतीकडे. स्वतः बाजूला एका पालथ्या डब्यावर बसत. "दे रेस," म्हणत. "सोड. परत दे." गाडी थंड असताना एकदा बघत आणि तापल्यावर एकदा. मग निदान सांगत. धुराला त्यांनी पक्ष्यांची नावं ठेवली होती. कावळा म्हणजे काळा धूर. डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. बगळा म्हणजे पांढरा. सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. पारवा म्हणजे निळसर राखी. इंजिन स्वतःचं ऑइल जाळतंय, पिस्टनच्या रिंगा तरी झिजल्यात नाहीतर व्हॉल्व्हची सीलं तरी गेलीत.

"तिघांत वाईट कोण?" मी एकदा विचारलं होतं.

"पारवा. कावळा वरडून सांगतो. बगळा लांबनं दिसतो. पारवा गुमान बसतो आणि घर रिकामं करतो."

मला या गोष्टीचा छंदच लागला. जुलैपासून मी एक वही ठेवली. तारीख, गाडी, मामांनी सांगितलेला धूर, आणि शेवटचा रकाना: इंजिन खोलल्यावर काय निघालं. दसऱ्यापर्यंत बावन्न गाड्या झाल्या. त्यातल्या पन्नास बरोबर. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला माझी इतकी अचूक उत्तरं कधी आली नव्हती. मामांना वही दाखवली तर ते म्हणाले, "दोन कुठल्या चुकल्या?" आणि त्या दोनच बराच वेळ बघत बसले.

खंडेनवमीला गॅरेजात हत्यारांची पूजा असते. त्याच्या आदल्या दिवशी सगळं आवरून घेतात. मामा पाने आणि स्पॅनर रॉकेलात धूत होते. मी पदर खोचून झाडलोट केली, खांबांना गेरू दिला, भिंतीला चुना मारून घेतला, फाटकाला झेंडूचं तोरण बांधलं. संध्याकाळी आत्ती बघायला आल्या आणि म्हणाल्या, "लक्ष्मी आल्यागत वाटतंय बघ." त्या घरात मी स्वतःहून केलेलं ते पहिलं काम होतं.

शिवगोंडाची जीप आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी किटली उचलली तेव्हा आत्तींनी ती माझ्या हातातून घेतली.

"मी जाते आज."

"मी जाते की, आत्ती."

"नको. चार दिवस तू नको जाऊस तिकडं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "माणसं येत्यात जात्यात. काय बाय बोलत्यात."

त्या मला काही म्हणाल्या नव्हत्या. कुणीच काही म्हणालं नव्हतं. पण त्या दिवसापासून ड्रायव्हरला चहा आत्ती न्यायला लागल्या आणि मी ओट्याशी उभी राहून त्यांच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत ऐकायला लागले. शेजारच्या परटीणबाई दळण घेऊन आल्या तेव्हा माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या, फक्त माझ्या पायांकडे एकदा बघितलं. कदाचित नसेलही बघितलं. मला ते तपासायचा काही मार्ग नव्हता आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

तिसऱ्या दिवशी मामा डोळे दाखवायला एकटेच कोल्हापूरला गेले. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, पाटावर बसले.

"मोतीबिंदू सुरू झालाय," ते म्हणाले.

आत्तींच्या हातातली पळी थांबली. "दोन्हीत?"

"दोन्हीत. दिवाळीच्या पाडव्यापास्नं इंजनाची कामं बंद. ग्रीसिंग, ब्रेक, टायर, एवढंच घ्यायचं. शिवगोंडाचं इंजन तेवढं नव्या रिंगा घालून भरून देतो."

"आणि रोजचे लोक?" मी विचारलं.

"जातील दुसरीकडं. गॅरेजं काय कमी हायत काय गावात?"

तीस वर्षं ज्या माणसाने धूर बघून इंजिनाच्या आतलं सांगितलं, तो आता टायर काढून देणार होता. हे ते भाकरी मोडता मोडता सांगत होते. आत्ती नंतर मोरीत भांडी घासताना बराच वेळ एकच पातेलं घासत होत्या.

दुसऱ्या दिवशी कपडे भिजवताना मामांच्या शर्टाच्या खिशात डॉक्टरांचा कागद सापडला. भिजू नये म्हणून बाहेर काढला आणि उघडा होता म्हणून वाचला. अक्षर वाईट होतं पण मजकूर सरळ होता. दोन्ही भिंगं स्वच्छ. मोतीबिंदू नाही. पडदा ठीक. रंगांची तपासणी ठीक. जवळचा चष्मा आहे तोच चालेल.

मी कागद घेऊन मागच्या दारी गेले. मामा कडुलिंबाखाली दात घासत होते.

"मामा, यात मोतीबिंदू नाही लिहिलंय."

त्यांनी चूळ भरली. "डाक्टर लोक काय लिवत्यात ते त्यांचं त्यांनाच ठावं. मला त्वांडी सांगितलं."

"रंगसुद्धा बरोबर ओळखलेत तुम्ही. इथे लिहिलंय."

"ठेव तो कागद," ते म्हणाले आणि आत गेले.

मला वाटलं, त्यांचा ऐकण्यात घोटाळा झाला असेल. डॉक्टर म्हणाले असतील, पुढे होऊ शकतो, आणि यांनी झालाय असं धरलं असेल. पण कागद खरा असेल तर डोळे चांगले होते. डोळे चांगले असतील तर पारवा का दिसला नाही?

मी वही काढली. आधी, खरं सांगायचं तर, पायगुणाचाच हिशेब केला. मी जूनमध्ये आले. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, मी रोज गॅरेजात, आणि बावन्नातल्या पन्नास गाड्या बरोबर. म्हणजे पायगुण असलाच तर तो चार महिने चांगला होता आणि एका दिवसात बिघडला. या गोष्टीने मला बरं वाटलं. मग दसऱ्यानंतरच्या नोंदी बघितल्या. नऊ गाड्या. कावळे चार, चारही बरोबर. उरलेल्या पाचांत तीन चुका: हेडमास्तरांच्या गाडीचा बगळा दिसला नव्हता, टेम्पोचा आणि जीपचा पारवा दिसला नव्हता. काळा दिसत होता. पांढरा आणि निळा दिसत नव्हता. आणि हे हळूहळू झालेलं नव्हतं. डोळे असे एका दिवसात जात नाहीत.

त्या संध्याकाळी आत्तींनी देवापुढे उदबत्ती लावली. आमचे देव भिंतीतल्या देवळीत आहेत आणि ती देवळी वर्षानुवर्षांच्या समईच्या काजळीने आतून काळी झाली आहे. तिच्या वरच खिडकी. सूर्य मावळायचा होता. मी पुढ्यात मांडी घालून बसले होते आणि माझं लक्ष देवाकडे नव्हतं. उदबत्तीचा धूर देवळीच्या काळ्या पोटापुढून वर चढत होता तोवर निळा होता. चांगला पारव्यासारखा निळा. तोच धूर जरा वर जाऊन खिडकीतल्या उजेडापुढे आला की निळा राहत नव्हता. मळकट, पिवळट काहीतरी दिसत होतं, आणि विरळ असला तर काहीच दिसत नव्हतं.

एकच उदबत्ती, एकच धूर.

हे मी कॉलेजात शिकले होते, आभाळ निळं का दिसतं त्या प्रकरणात. धुराचे कण फार बारीक असले की ते निळा उजेड आजूबाजूला फेकतात. मागे काळोख असेल तर तेवढाच उजेड आपल्या डोळ्यांत येतो आणि धूर निळा दिसतो. मागे पांढरा उजेड असेल तर त्या उजेडात निळा बुडून जातो. मी हे पाच मार्कांना लिहिलं होतं. आकृतीसुद्धा काढली होती.

मग मला भिंत आठवली. घुगऱ्यांच्या गॅरेजची भिंत काळ्या दगडाची होती, वर मामांच्या वडिलांपासूनच्या धुराची पुटं. तिच्यापुढे पारवा पारवा दिसायचा आणि बगळा बगळा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती पांढरी केली होती. चुना मी कालवून घेतला होता. गवंड्याकडून दोन हात मी मारून घेतले होते. तो म्हणाला होता, वैनी, ही काळीच राहू दे, परत काळीच व्हायची. मी म्हटलं होतं, पांढऱ्यावर धूर स्वच्छ दिसेल.

आत्ती घंटा वाजवत होत्या. मी नमस्कार करायचं विसरले.

कुणालाही काही सांगायच्या आधी खात्री करणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी मामा जीपचे सुटे भाग आणायला सकाळच्या गाडीने कोल्हापूरला गेले. गॅरेजात कुणी नव्हतं. मी माळ्यावरचं काळं घोंगडं काढलं आणि भिंतीच्या उजव्या अर्ध्या भागावर टांगलं. डावा अर्धा पांढराच ठेवला. मग मामांची जुनी स्कूटर ढकलत आणली. तिच्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागायचं, त्यामुळे तिचा धूर निळा असणार हे आधीच माहीत होतं. मला नेमका तसाच धूर हवा होता. चार किका मारल्यावर ती सुरू झाली.

आवाज ऐकून आत्ती आल्या. "तुला नको म्हटलं हुतं न्हवं इकडं यायला?"

"दोन मिनिटं थांबा, आत्ती. या डब्यावर बसा. मी काही सांगणार नाही. धूर कसा दिसतो तेवढं तुम्ही सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच."

त्या बसल्या. मी स्कूटरचं तोंड फिरवून धूर घोंगड्यापुढे सोडला.

"निळसर हाय," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या बंडीच्या निळीगत."

मग पांढऱ्या भागापुढे.

त्यांनी डोळे बारीक केले. "हितं कुठाय धूर? मळकट काय तरी हाय. बंद पडली काय?"

"नाही. चालूच आहे."

मी परत घोंगड्याकडे आणली. आत्ती बघत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्या उठल्या, भिंतीजवळ गेल्या, बोट लावलं. बोटाला चुना लागला.

"म्हंजे ह्यांचं डोळं..."

"चांगले आहेत. चूक चुन्याची आहे. माझी."

आत्ती परत डब्यावर बसल्या. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. त्या म्हणाल्या, "कुणाला बोलू नको हे."

"का? मामांना सांगायला नको? पाडव्यापासून ते काम बंद करायला निघालेत."

"त्यांस्नी मी सांगते. बाहेर बोलू नको. तुला आमची माणसं ठावं न्हाईत."

"काय चाललंय?" फाटकातून मामा म्हणाले. त्यांच्या हातात खाकी कागदात बांधलेल्या रिंगा होत्या. परतीची लवकरची गाडी मिळाली असावी. त्यांनी स्कूटर बघितली, घोंगडं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. येऊन स्कूटर बंद केली.

"मामा, भिंतीमुळे दिसत नव्हतं तुम्हाला. पांढऱ्यावर निळा..."

"ठावं हाय."

मी स्कूटरच्या हँडलवरचा हात काढला.

"जीप आली त्याच दिवशी दुपारी ही घेऊन ओढ्याकडं गेलतो," ते स्कूटरकडे हात करून म्हणाले. "वडाच्या बुंध्यापुढं लावली. रेस दिली. पारवा दिसला. परत हितं आणली, भिंतीपुढं लावली. न्हाई दिसला. म्हटलं, बरं."

"तेव्हापासून माहीत होतं? मग डोळे दाखवायला कशाला गेलात?"

"कुणी इचारलं तर सांगायला काय तरी पायजे. गेलतो म्हटलं की लोक ऐकत्यात."

"पण भिंतीचं सांगितलं असतं तर एका दिवसात..."

"कुणी रंगवली म्हणून इचारलं असतं," मामा म्हणाले. "काय सांगू? सुनेनं? ट्रॅक्टरवाला हितं बसून काय म्हणाला ऐकलंस न्हवं तू? आदीच त्यांच्या त्वांडात पायगुण. वर मी सांगायचं, व्हय, तिनंच केलं. मग संपलंच."

"पण ते पायगुण नाही. ते प्रकाशाचं..."

"तुला कळतंय. मला कळतंय." ते जीपच्या फुटबोर्डवर बसले. "माझी थोरली भण, अक्काताई, तिला बघितलंस लग्नात. तिच्या लग्नानंतर आठव्या दिवशी तिच्या सासऱ्याचा बैल मेला. बैल म्हातारा हुता, बावीस वर्साचा. समद्या गावाला ठावं हुतं म्हातारा हाय म्हणून. चाळीस वर्सं झाली. अजून त्या गावात तिला बैलखाई म्हंत्यात. तिची नातवंडं शाळंत जात्यात, त्यांस्नी पोरं इचारत्यात, बैलखाईचा न्हवं तू?"

आत्ती खाली बघत होत्या.

"भिंत काय, सा म्हयन्यात आपसूक काळी हुईल," मामा म्हणाले. "मग म्हणायचं, ऑपरेशन करून आलो, दिसाय लागलं."

"सहा महिन्यांत गाड्या राहतील का?"

"न्हाई ऱ्हाणार."

"तोवर तुम्ही टायर काढणार."

"टायर काढायला काय हुतंय?"

मला पहिल्यांदा राग आला. माझ्यासाठी त्यांनी हे केलं होतं हे कळत होतं, आणि तरी राग आला. मी म्हटलं, "मामा, गवशाच्या चढावर ती बाई होती, बाळंतपणाला चाललेली. ती जीप मागे गेली असती तर? ते माझ्या चुन्यामुळे झालं. आणि शिवगोंडाला अजून वाटतंय की तुमचे डोळे गेले. उद्या तो दुसऱ्या गॅरेजात जाईल, तिथेही कुणीतरी भिंत पांढरी केली असेल. त्याला खरं कारण माहीत असायला नको?"

मामा रिंगांचा पुडा सोडून एकेक रिंग बोटांवर फिरवून बघायला लागले. मी घोंगडं काढलं नाही. त्यांनीही काढायला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी इंजिन भरून झालं. शिवगोंडा जीप न्यायला आला. मी आत्तींना विचारलं, "चहा कोण नेतंय?" त्या म्हणाल्या, "तूच ने. मी पण येते." त्या माझ्या मागोमाग आल्या आणि फाटकाशी उभ्या राहिल्या.

शिवगोंडा मामांच्या डोळ्यांची चौकशी करत होता. "माझ्या चुलत्यांचं मिरजंला केलं ऑपरेशन. आता सुईत दोरा ओवत्यात. तुम्ही पण लवकर करा."

"शिवगोंडा भाऊ," मी म्हटलं, "मामांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

मामांनी हातातला पाना खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. भिंत आधी कशी होती, चुना मी लावून घेतला, पांढऱ्यापुढे पारवा दिसत नाही. त्याला स्कूटर सुरू करून दाखवली, आधी घोंगड्यापुढे, मग चुन्यापुढे. तो वाकून बघत होता. दोनदा स्वतः रेस दिली. मग सरळ उभा राहिला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "म्हंजे माझं इंजन तुमच्यामुळं बसलं."

"हो."

"मिस्त्रींच्या डोळ्यांमुळं न्हवं."

"नाही."

"आणि पायगुणामुळं बी न्हवं."

"नाही. चुन्यामुळे."

त्याने नखाने चुन्यावर एक रेघ ओढली. आत्तींनी पदर हातात घट्ट धरला होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. आधी मला कळलं नाही तो हसतोय ते.

"वैनी," तो म्हणाला, "आजवर मला लय लोकांनी चुना लावला. आरटीओनं लावला, मेव्हण्यानं लावला. पण बादलीत कालवून, बरशानं लावणाऱ्या तुमी पयल्याच."

आत्तींच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यांनी पदराने तोंड झाकलं. मामा हसले नाहीत, पण त्यांनी शिवगोंडाला म्हटलं, "लाव तिकडं, घोंगड्याकडं. बघू."

जीप उलटी आली. मामा डब्यावर बसले. "दे रेस. सोड. परत दे." इंजिन तापेपर्यंत बसून राहिले. शिवगोंडा आरशातून त्यांच्याकडे बघत होता.

"पारवा न्हाई," मामा म्हणाले. "जा घेऊन."

शिवगोंडाने गियर टाकला नाही. "नक्की?"

"नक्की."

"मागच्या खेपंला पण नक्कीच हुतं, मिस्त्री." तो आता चेष्टा करत नव्हता. "माझ्या मागं माणसं बसत्यात."

मामा उठले. हात फडक्याला पुसले, फडकं जीपच्या बॉनेटवर टाकलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. "चल आंबोलीपतोर. मी येतो." मग मला म्हणाले, "तू बी बस."

मी आत्तींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

आजऱ्याच्या स्टँडवर जीप थांबली. आंबोलीच्या सवाऱ्या आधीच वाट बघत होत्या, गवशाची, पारपोलीची माणसं, सात-आठ जण. जीप ओळखून दोघंतिघं मागे सरकले. एक म्हातारा, हातात कोंबड्यांची पाटी, पुढे येऊन म्हणाला, "शिवगोंडा, हीच न्हवं बंद पडल्याली? नीट झाली काय?"

"हे बसल्यात की मिस्त्री. त्यांस्नीच इचारा."

म्हाताऱ्याने खिडकीतून आत बघितलं. "घुगरे मिस्त्री? तुमास्नी दिसत न्हाई म्हंत्यात."

"दिसतंय," मामा म्हणाले.

"मग कसं काय झालं?"

मामांनी क्षणभर समोरच्या रस्त्याकडे बघितलं. मग सरकून माझ्यासाठी थोडी जागा केली, म्हणजे म्हाताऱ्याला मी दिसेन.

"ही माझी सून," ते म्हणाले. "चुना हिनं लावला. बसा, सांगतो."

म्हाताऱ्याने पाटी आधी आत सरकवली आणि मग स्वतः चढला.